हवेतल्या नाण्यांची भट्टी

ठकू,

सकाळीच दुकानात जाऊन नवी भट्टी पेटवून आलो. मुशीत सोनं पाण्यासारखं हललं आणि मी एकटाच नाचलो! आता परत दुकानात निघालोय. तुला उठवलं नाही. चहा झाकून ठेवलाय.

काल जुनी भट्टी फुटली, बँकेला सुट्टी, आणि घरातलं सोनं मोडायला माझा जीव होईना. तू मात्र मोबाईलवरची ती क्रिप्टो नाणी विकून मोकळी झालीस, आणि त्या पैशांत नवी भट्टी आली. मी त्यांना 'हवेतली नाणी' म्हणून किती हिणवलं होतं!

त्यांना किंमत आहे, कबूल. उद्या असेल का, ते तुलाही ठाऊक नाही. पण नोटही लोक मानतात म्हणूनच चालते. आणि खरं सांगू? कुणी अंगावर घालेनासं झालं, तर माझं सोनंही निम्म्या किमतीचं उरेल. हे गिऱ्हाइकांसमोर बोलू नकोस.

त्या नाण्यांवरून झालेल्या भांडणापासून तू दुकानात आलेली नाहीस. आज ये. पहिली अंगठी तुझीच घडवतोय. माझ्याकडचं माप तुझ्या शाळेच्या दिवसांतलं आहे, तेव्हा बोट घेऊन ये.

बाबा