मी गेल्यावर पुलाचे कागद

३ जून
मी जमवलेला गावच्या पुलाचा इतिहास आता वाचनालयात कायमचा राहणार. ग्रंथपाल स्वतः येऊन माझी सगळी खोकी बघून गेले. उद्घाटनाचा मूळ फोटो माझ्याकडे आहे म्हटल्यावर खुर्चीत पुढे सरकले. अट एकच: माझ्यामागे घरातल्या कुणाला तरी मागतील तो कागद काढून देता आला पाहिजे. किरकोळ.

५ जून
बायकोला सिस्टिम समजावली. विषयवार फाइली लावणं हे कारकुनांचं काम. मी कागद देणाऱ्या माणसावरून लावतो. तीन प्रकार: 'भला माणूस', 'टाळाटाळ' आणि 'पुन्हा जाणे'. ती म्हणाली, मग पुलाचे खांब कशात? मी म्हटलं, ते देणाऱ्याच्या स्वभावावर आहे. ती भाजी चिरायला निघून गेली. पटलं असावं.

८ जून, सकाळी
आज माझ्या मरणाची रिहर्सल. मी मेलोय, मला काही विचारायचं नाही. मुलगी मुद्दाम आली आहे. दोघींनी मिळून फक्त तो फोटो शोधायचा.

दुपारी
मेलेल्याला चहा नसतो, असं बायकोचं मत पडलं. मुलीनं दोन खोकी उपसली, शिंकली. मग दोघी या खोलीला कुठले पडदे शोभतील ते बोलत बसल्या. राग यायला हवा होता. आला नाही. नुसता पडून राहिलो.

संध्याकाळी
मुलगी जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही तरी काढून दाखवा. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या दाखवतो. आज पाठ धरली आहे.

११ जून
'भला माणूस'मध्ये नाही. साहजिक आहे. फोटोवाला तसा नव्हताच.

१४ जून
'टाळाटाळ' संपलं. बायको मदतीला बसत होती. नको म्हटलं, सिस्टिम बिघडते.

१७ जून
'पुन्हा जाणे' उघडलं. आत नुसत्या माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. पुलाचा मुकादम, पुन्हा जाणे. टोलनाक्यावरच्या कारकुनाची बहीण, पुन्हा जाणे. उद्घाटनाचा फोटो, फोटोवाल्याच्या घरी पाहिला, देतो म्हणाला, पुन्हा जाणे.
त्याचं घर फार लांब होतं. आणि पाहिला इतका नीट होता, की आणल्यासारखाच.
बायकोनं विचारलं, ही माणसं आता कुठे असतात? त्यांतलं कुणीच उरलेलं नाही, असं सांगितलं. ती खोकं बंद करून उठली.

१८ जून
ग्रंथपालांचा फोन. बायकोनं घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ते घरी नाहीत, असं तिनं सांगून टाकलं. मी समोरच बसलो होतो. ती खोटं बोलली असं मला वाटलं नाही.