वाऱ्यासाठी

सोमवार, ६ जानेवारी

आज तिसऱ्या वर्षाला ग्रीक शोकांतिका सुरू केली. आधी गोष्ट सांगितली. लढाईला निघालेली जहाजं किनाऱ्याला अडकलीत, वारा पडलाय, देवी कोपलीय. वारा हवा असेल तर राजाने स्वतःच्या मुलीचा बळी द्यायचा! राजा निरोप धाडतो — तुझं लग्न ठरलंय, ये. ती नटूनथटून येते.

बावीस चेहरे. एकवीस मख्ख. मागच्या बाकावरच्या एकाने अशी जांभई दिली की पडजीभ दिसली. बाविसावी आमची कन्या. घरी ‘बाबा’, वर्गात ‘सर’ — तीन वर्षांत एकदाही चुकली नाही.

तिनेच हात वर केला. “सर, मुलगी आधी गयावया करते आणि शेवटी आपणहून मरायला उभी राहते. असं का?”

म्हटलं, देशासाठी.

“मला नाही पटत.” आणि बसली. घरी असती तर कान उपटला असता. वर्गात हसून दाखवावं लागतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

निबंध तपासले. बहुतेकांनी नाटक वाचलेलंच नाही. नाटकात राणी जिवंत आहे, आणि एकाने राजाला विधुर करून टाकलंय!

आणि दोन निबंध शब्दशः सारखे. एक कन्येचा, दुसरा संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याचा. तिची चुकलेली वेलांटीसुद्धा त्याने इमानेइतबारे उतरवलीय. तिला विचारलं. “दोन दिवस वही नेली होती त्याने. मला काय ठाऊक तो हे करेल!”

खरं बोलतेय. तिचा कच्चा खर्डा मीच वाचलाय, तीन आठवड्यांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ नीट करत.

नियमाप्रमाणे प्राचार्यांना कळवलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच ओळखलं.

“तुमचा विभाग जूनपासून बंद करायचं घाटतंय. अध्यक्षांच्या एका सहीवर आहे सगळं. प्रमुखाची खुर्चीही रिकामीच.” मग चहावरची साय चमच्याने बाजूला करत — “भाच्याचं नाव यात नको. चौकशी समिती तुम्हालाच विचारणार.”

म्हटलं, अहो, ती माझी मुलगी आहे!

“म्हणूनच तर. बाप स्वतःच्या मुलीविरुद्ध खोटं बोलेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?”

बावीस वर्षं घासली मी इथे. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण शेजारच्या विभागाचा प्रमुख आहे. जिन्यात भेटला की मला ‘काय, कसं काय’ विचारतो.

चहा पिऊन आलो. ‘नाही’ म्हणालो नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खर्डा फाडला. दुपारी — कन्या कॉलेजात, ही बँकेत. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आलो. हात धुतले. जेवलो. चांगली भूक लागली होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कन्येने तिन्ही कपाटं उपसली. “बाबा, माझा खर्डा पाहिलात?” — नाही गं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

समिती बसली. तिघं जण, लांब टेबल, पंखा बिघडलेला. भाचा नाही. आजारी म्हणे!

कन्या उभी राहिली. “खर्डा सापडत नाहीये. पण सरांनी तो वाचलाय. पेन्सिलीने दुरुस्तही केलाय. त्यांना विचारा.”

विचारलं.

म्हणालो, “असा कुठलाही खर्डा माझ्या पाहण्यात आलेला नाही.” आवाज खणखणीत निघाला.

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता रडेल, ओरडेल, सगळ्यांसमोर माझी लाज काढेल. तिने बॅगेवरचा हात काढून घेतला. मग शांतपणे म्हणाली, “सर म्हणतात ते बरोबर. मी त्याचा निबंध उतरवला.”

एक वर्ष निलंबन. पुढच्या शिक्षणासाठी मिळालेली जागाही त्यातच गेली.

बाहेर एका सदस्याने माझा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी! “असा बाप पाहिला नाही हो मी.” मी मान खाली घातली. नम्रपणे. छान जमलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ही संध्याकाळी एवढंच — “तिने केलेलं नाही. मला माहितीय. तुम्हालाही माहितीय.”

म्हटलं, घरचं माणूस बघून न्याय करता येत नाही.

हिने माझं ताट वाढलं आणि उठून आत गेली. ताट आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ३ मार्च

विभागप्रमुख! दारावर पितळी पाटी लागली. विभाग चालू राहणार, अध्यक्षांची सही झाली. प्राचार्य पेढ्यांऐवजी नुसतेच गोड हसले.

वर्गात बळीचा प्रवेश घेतला. एकवीस जण. जांभईवाल्याला नेमकी आज जाग आलेली — “सर, राजाला नंतर झोप लागली का हो?” पोरं हसली. मीही हसलो. मग त्याला अख्खा प्रवेश दहा वेळा लिहून आणायला सांगितला, आणि तास संपेपर्यंत उभा ठेवला. पाय बदलत होता. बघायला बरं वाटलं.

भाचा पहिल्या बाकावर. वही उघडी, पान कोरं. एकदाही वर बघितलं नाही त्याने.

गुरुवार, ६ मार्च

कन्या मावशीकडे गेली, दुसऱ्या गावी. एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालंय म्हणे. दारात फक्त “येते.” बाबा नाही की सर नाही.

रविवार, ९ मार्च

हिने आज तोंड उघडलं. भाच्याने समितीच्या आदल्या दिवशीच कन्येला लेखी कबुली दिली होती, सहीनिशी. त्या खोलीत ती चिठ्ठी तिच्या बॅगेत होती. मी काय म्हणतो ते तिला आधी ऐकायचं होतं.

निघताना ती चिठ्ठी तिने हिच्यासमोर फाडली. माझ्यासाठी निरोप ठेवलाय — “बाबांना सांग, आता घाबरायचं काही कारण नाही.”