गावाने मतं खाल्ली त्याची हकिकत

लो हार्बर, मेन
रविवार दुपार

तीर्थस्वरूप हेस्टर आत्या,

मार्नीचा नमस्कार. आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायची, मग कोंबड्यांची, आणि मगच मुद्द्यावर यायचं, असं आईने बजावलं आहे. तेव्हा गुडघा कसा आहे? कोंबड्या कशा आहेत? (बाबा कसे आहेत, हे विचारायला तिने सांगितलेलं नाही. पण "कोंबड्या" म्हणताना ती खिडकीतून तुझ्या बेटाकडे बघत होती.) फोन केला असता, पण तुझ्याकडचा फोन हल्ली बाबाच आधी उचलतात, म्हणून पत्र. टपालबोटीवरून तिखटमीठ लावलेली हकिकत तुझ्यापर्यंत पोचण्याआधी नुसत्या घटना क्रमाने देते.

१. शनिवारी हॉलमध्ये नेहमीप्रमाणे गावाचं बीन्सचं जेवण झालं.
२. सिनेटर प्रेबल यांना पुन्हा निवडून द्यायचं की त्यांच्या जागी थेरिओबाईंना पाठवायचं, यावर गावाने त्याआधी नेहमीप्रमाणे बीन्सचे दाणे टाकून आपलं मत दिलं होतं. (खरं सरकारी मतदान अजून व्हायचं आहे.)
३. मोजणी माझ्याकडे होती.
४. मोजणी झाली नाही.
५. मतं शिजली.
६. मतं गावाने खाल्ली. काहींनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.
७. त्यामुळे बाबा घरी परत येण्याची जी अट ठरली होती, ती आता पुरी होऊ शकत नाही.

अट तुला ठाऊक आहे, पण बाबांनी ती आपल्या सोयीने सांगितली असेल, म्हणून पुन्हा लिहिते. बाबांनी अंगणात सिनेटरांचा फलक रोवला, दर निवडणुकीला रोवतात तसा. आईने त्याच्या पुढे थेरिओबाईंचा रोवला. बाबांनी आपला उपटून तिच्या पुढे नेला. असं करत करत दोन्ही फलक रस्त्याच्या कडेला पोचले आणि पुढे फक्त समुद्र उरला. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "ज्या माणसामुळे मी पाण्यातून जिवंत बाहेर आलो, त्याला मी घरी बसवू?" त्या मार्चच्या वादळात बाबांची बोट खडकावर फुटली, शोध थांबणार होता, तू थेट सिनेटरांच्या घरी फोन लावलास, ते जेवणावरून उठले आणि हेलिकॉप्टर पुन्हा निघालं. हे तुला मी सांगायला नको. आईलाही बाबांनी सांगायला नको होतं, कारण त्या दिवशी धक्क्यावर तीच उभी होती. ती म्हणाली, "मेरिल, मीही त्यांची आभारी आहे. दर नाताळाला त्यांना केक पाठवते. पण केक वेगळा आणि मत वेगळं." बाबांनी ताट तसंच ठेवलं, रबरी बूट चढवले आणि टपालबोट गाठली. जाताना दारातून ओरडून गेले ते असं: हॉलमधले दाणे ज्याच्या बाजूने पडतील त्याचा फलक राहील, दुसरा उतरेल, आणि मग मी घरी येईन. आई आतून म्हणाली, मान्य. (यंदा त्या दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.)

आता मडक्याबद्दल. पद्धत तुझ्या वेळचीच आहे. ओरिनच्या दुकानात मडकं ठेवतात. पिवळ्या डोळ्याचा (ठिपक्याचा) पांढरा दाणा म्हणजे आहे तोच माणूस, लाल दाणा म्हणजे नवा. ओरिन दोन्ही दाणे तळहातावर ठेवतो आणि छताकडे बघतो. आपण एक मडक्यात टाकायचा, दुसरा खिशात. मोजणी यंदा माझ्याकडे आली, कारण मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, कामापुरतंच बोलते आणि मी कोणाच्या बाजूची आहे हे कोणालाच कळलेलं नाही. (आईला वाटतं तिच्या, बाबांना वाटतं त्यांच्या. मी दोघांचीही दुरुस्ती केलेली नाही.) मी पाण्याच्या नमुन्याचं जे करते तेच मडक्याचं केलं. गुरुवारी दुकान बंद झाल्यावर त्याचं तोंड बांधलं, मोहोर लावली, हॉलच्या कोठारात थंड फळीवर ठेवलं आणि चिठ्ठीवर फक्त उघडायची तारीख लिहिली. आत काय आहे ते लिहायचं नसतं. ते वाचलं की बघणाऱ्याची नजर बदलते. ही पद्धत बरोबर आहे. विनिफ्रेड पाइकच्या स्वयंपाकघराचीही एक पद्धत आहे: कोठारातल्या ज्या मडक्यावर शनिवारची तारीख, ते त्या शनिवारच्या जेवणाचं. तीही बरोबर आहे. दोन बरोबर पद्धती एका फळीवर शेजारीशेजारी ठेवल्या गेल्या, एवढंच झालं. विनिफ्रेडने मोहोर तोडली (तिला वाटलं, आता बीन्सही सरकारी यायला लागल्या), आमची मतं जेवणाच्या बीन्समध्ये ओतली, भिजवली, काकवी, मोहरी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून हंड्यांत भरली आणि हॉलमागच्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरली. शनिवारी मी मोजणीचं टेबल पुसत होते तेव्हा मतं जमिनीखाली होती.

पहिला शोध लेलँड गिल्कीला लागला. तुला माहीत आहे, आपल्याकडे जेवणाच्या बीन्स म्हणजे पिवळ्या डोळ्याच्याच. दुसरं काही वाढलं तर लोक पाद्रीबाबांकडे तक्रार करतात. लेलँडने काटा वर धरला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "विनी, तुझ्या बीन्सना गोवर आलाय का?" विनिफ्रेड म्हणाली, जेवणाच्या समितीला विचार, यंदा समितीला रंग हवा होता, मी नुसती शिजवते. (तिला लाल दाणे भिजवतानाच दिसले होते. पण मागच्या महिन्यात समितीने तिच्या मोहरीबद्दल शेरा मारला होता, तेव्हापासून ती समितीला काही विचारत नाही.) मी कोठारात जाऊन फळी बघितली. मग परत येऊन उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं: मंडळी, आपण मतं खातो आहोत.

लेलँडने तोंडातला घास गिळला. मग ओरिन म्हणाला, "लेलँड, तू आत्ता थेरिओबाईंना गिळलंस."

"तरीच म्हटलं घशाशी काय अडकलं."

"अडकणारच," शाळेची बस चालवणारी नोरा पलीकडून म्हणाली. "तीस वर्षं एकच चव घेतली की दुसरं काही उतरत नाही."

"त्या तीस वर्षांत माणूस सिनेटच्या समितीचा अध्यक्ष झाला, नोरा. तुझी बाई तिकडे जाऊन शेवटच्या बाकावर बसेल. आपला धक्का कोण बांधून देणार?"

"बांधलाय की तो. आणि त्यावरचा बर्फाचा कारखाना बंद पडला तेव्हा मी फोन केला तुझ्या अध्यक्षांना. एक दाबा, दोन दाबा. मी सगळे आकडे दाबले बाबा. शेवटी गाणं लागलं."

"ती बाहेरची आहे."

"अरे, तीन वर्षांची असताना आली ती!"

"मग आधीची तीन वर्षं कुठे होती?"

यापुढे मोजणीची जी काही आशा होती तीही गेली. सिनेटरांच्या बाजूचे लोक लाल दाणे ताटाच्या कडेला लावू लागले. थेरिओबाईंच्या बाजूचे ते शेजाऱ्याच्या ताटातून उचलून खाऊ लागले, आमचं मत वाया जाऊ देणार नाही म्हणून. लेलँडने दावा केला की हंड्यातला प्रत्येक पांढरा दाणा सिनेटरांचा. नोराने विचारलं की त्यातली मतं किती आणि नुसतं जेवण किती हे सांग. हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चांगला आहे आणि त्याला उत्तर नाही. लाल दाणे वेचून मोजता आले असते आणि मत देणाऱ्यांच्या संख्येतून वजा करता आले असते, हे मला सुचलं होतं. पण तोवर लेलँडचं दुसरं ताट संपत आलं होतं, आणि तो गोवर गोवर म्हणत काहीच बाजूला काढत नव्हता. मग मी प्रत्येकाच्या खिशातला उरलेला दाणा मागितला. त्यावरूनही उलट हिशेब लागतो. एकाचा धुण्यात गेला होता, एकाने टेबलाच्या आखूड पायाखाली घातला होता, विनिफ्रेडने परसात पेरला होता, आणि ओरिन म्हणाला की त्याने दोन्ही दाणे मडक्यात टाकले, कारण दुकानदाराला सगळ्यांशी संबंध ठेवावे लागतात. मी मोजणी रद्द झाल्याचं जाहीर केलं. माझंही मत त्यात होतं. ते कोणी खाल्लं, माहीत नाही.

आणि इथे मला तुला सांगायचं आहे की गाव माझ्याशी फार चांगलं वागलं. कामावर एक नमुना बिघडला तर मला खुलासा द्यावा लागतो. इथे मी सगळ्या गावाचा नमुना बिघडवला आणि कोणी खुलासा मागितला नाही. नोराने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतः घासायला बसली. विनिफ्रेडने सफरचंदाच्या पाईचा पहिला तुकडा मला कापला, जो ती पाद्रीबाबांखेरीज कोणाला देत नाही. लेलँड जाताना म्हणाला, "मार्नी, इतक्या निवडणुका झाल्या, पण माझ्या मताने माझं पोट भरलं ती ही पहिलीच." मी "बरं" म्हटलं.

आता तुझ्याबद्दल. बाबा दारात आले तेव्हा तू त्यांना काही न विचारता जेवायला वाढलंस आणि कोंबड्यांचं कुंपण दुरुस्तीला दिलंस, त्याबद्दल आभारी आहे. रिकाम्या हातांनी ते फार वाईट दिसतात. आणि त्या वादळाच्या दिवशी, बाकी सगळे वाट बघायची म्हणत होते, तेव्हा तू फोन उचललास आणि जेवणाच्या वेळी सिनेटरांच्या घरी लावलास, त्याबद्दल. सिनेटरांचीही मी आभारी आहे. पण ते उठले, कारण तू बोलावलंस. त्यामुळे मला वडील आहेत, आणि ते हट्टी आहेत, पण आहेत.

म्हणून विनंती तुलाच. सिनेटरांचे उपकार कसे फेडायचे हे बाबांना कोणी सांगायचं असेल तर ते तू सांगू शकतेस, मी नाही आणि आई तर नाहीच. मत याला दे की तिला दे, ते सांगू नकोस; ते मला नको आहे. एवढंच सांग की मत कोणालाही दिलं तरी एका घरात राहता येतं. अट आता कोणीच पुरी करू शकत नाही, कारण ती गावाच्या पोटात गेली आहे. दोन्ही फलक जागेवर आहेत. शुक्रवारच्या वाऱ्यात सिनेटरांचा पडला होता. आई हातोडा घेऊन गेली आणि तो पुन्हा ठोकून आली. मी खिडकीतून बघत होते, तर म्हणाली, "बघतेस काय? पडलेल्याशी भांडण्यात काय मजा?"

बेटावरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. गुडघ्याला थंडी लावून घेऊ नकोस.

तुझी भाची,
मार्नी ट्रंडी

ता. क. बाबांचा जाड स्वेटर या पत्राबरोबर पाठवणार होते. आई म्हणाली, नको, थंडी वाजू दे. म्हणून पाठवलेला नाही.

ता. क. २. खरी गोष्ट इथे लिहिते, कारण बाबा कोणतंही पत्र सहीपर्यंतच वाचतात. ते गेल्यापासून आई जेवताना माझ्याशी वाद घालते. सिनेटरांची बाजू मला मांडावी लागते, आणि मी ती फार मिळमिळीत मांडते, असं तिचं म्हणणं आहे. परवा वैतागून तिने ती स्वतःच मांडायला घेतली. अध्यक्षपद, धक्का, वादळ, सगळं बाबांच्या आवाजात. मांडता मांडता थांबली आणि म्हणाली, "तसं बघितलं तर त्या माणसात अगदीच काही नाही असं नाही." मग थेरिओबाई जरा भरभर बोलतात, असंही म्हणाली. बाबा आणखी थोडे दिवस दूर राहिले तर ती सिनेटरांना मत देईल, असं माझं निरीक्षण सांगतं. हे त्यांना मुळीच कळू देऊ नकोस. कळलं तर मतदान होईपर्यंत ते तुझं कुंपणच दुरुस्त करत बसतील. त्यांना उलट सांग: आईने सगळं गाव थेरिओबाईंकडे वळवत आणलं आहे, आणि तिला अडवायला इथे कोणी नाही. हे विधान अचूक नाही, याची मला कल्पना आहे. तरी सांगावंस.

ता. क. ३. बाबा या शनिवारी येतात की नाही, ते गुरुवारच्या टपालबोटीने कळव.