ओलं चामडं

सोम. ६ जाने.
अकोल्याहून पार्सल परत. पर्सच्या झडपा, सगळ्या. वर उठवलेल्या तुरीच्या शेंगा बसल्यात. पाठवल्या तेव्हा बोटाला दाणा लागत होता. आता इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. पर्सवाल्या शेठचा फोन: "मॅडम, शेंगा तर राहिल्या, दाणे कोणी खाल्ले?" तेही हसले, मीही.
महिनाअखेर नव्यानं करून द्यायच्या. नाहीतर काम दुसरीकडे.
बाबांनी आतून विचारलं, "काय आलं?" म्हटलं, रेक्झिन. "वापस काहून?" म्हटलं, रंग चुकला.

बुध. ८ जाने.
कारण कळलं. मी वापरलं ते चामडं रसायनात कमावलेलं. मऊ, चिवट. गरम ठशाखाली उठतं आणि काही दिवसांनी मूळपदावर येतं. टिकाऊ उठाव हवा तर बाभळीच्या सालीत कमावलेलं घ्यायचं. ते आधी भिजवावं लागतं. भिजवून, फडक्यात गुंडाळून, ओल आतपर्यंत सारखी झाली की मग ठशाच्या प्रेसखाली.
भिजवलं की वास येतो. इतके दिवस कोरड्यावर निभावलं.

शुक्र. १० जाने.
विहाराचा पडदा. मखमलीवर पिंपळपान. मखमल ठशावर उलटी अंथरायची, मागून पाणी शिंपडून गरम इस्त्री दाबायची. भोवतालची लव बसते, पान उभं राहतं.
बाबांना कोपरा दिला. काचबिंदूनं नजर गेल्यापासून तेच माझे तपासनीस. पान टोकापर्यंत चाचपलं. "देठ दबला. इस्त्री वाकडी धरली तू." खरं होतं.
मग: "ते रेक्झिनचं कधी दाखवत नाही मले."
"त्यात काय पाहायचं. प्लास्टिक आहे."
"प्लास्टिक तं प्लास्टिक. दाखव."
उद्या दाखवते म्हटलं. गावात जाऊन तुकडा आणला. आयुष्यात पहिल्यांदा रेक्झिन विकत घेतलं.

शनि. ११ जाने.
त्यावर शेंगा उठवून बाबांच्या हातात दिलं. हात फिरवला. "चांगलं हाय," म्हणाले. पुन्हा फिरवला.  

रवि. १२ जाने.
चामड्याबद्दल बाबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते. माझ्या शब्दांत ते लगेच चुकीचं वाटायला लागतं.
कॉलेजातल्या माझ्या तासिका बंद झाल्या, प्रेस घेतला, तेव्हा विचारलं होतं, चामडं आणू का. म्हणाले: "दीक्षा घेतली तवा माह्या बापानं गावातलं मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं आमाले दळणबी दळू देलं नाही. भिजवलेले दाणे खाल्ले आमी, पर सोडलं ते सोडलं. चामडं या घरात आलं तं त्या दिवशी मी मिलिंदकडे जातो."
मिलिंद, भाऊ. पुण्याकडे कंपनीत. एका खोलीत चौघं, दोन पाळ्या. तिथं बाबा दिवसभर कॉटवर बसणार, अनोळखी पोरांच्या घोरण्यात. संडास जिना उतरून.
हे ठाऊक असून वर्षभर मागच्या टिनाच्या खोलीत चामडंच दाबतेय.

गुरु. १६ जाने.
नवं चामडं आलं. तांबूस, ताठ. बाबा विहारात गेलेले. एक तुकडा भिजवला, गुंडाळला, दाबला, सुकवला. शेंगा अशा उठल्या की नखानं सोलाव्यात. दुमडलं, चुरगाळलं, वर पाटा ठेवला. काढला. तशाच.
आनंद झाला हेही लिहायला हवं.
वास टिनाच्या खोलीतून ओसरीपर्यंत आला. ओल्या झाडाचा, आणि खाली दुसरा एक.

शनि. १८ जाने.
जास्त तुकडे भिजवले. ओल बरोबर आहे का ते गालाला लावून कळतं. नुसतं गार लागलं पाहिजे, ओलं नाही. वहिनी, मिलिंदची बायको, अचानक दारात. आशा सेविकेचं काम करते ती, लसीकरणाहून लवकर परतलेली.
"चामडं तोंडाले लावून राह्यल्या ताई? पावडर संपली का?"
मग हसू गेलं तिचं. "बाबाले कळलं तं?"
"कळणार नाही."
"त्यायचं नाक पाह्यलं का तुमी? भाजीत मीठ कमी हाय हे वासानं सांगतात ते."
तिनंच फिनाईल आणून दिलं. ओसरी, अंगण, मोरी, सगळं पुसलं.
बाबा आले. दारात थांबले. "आज फिनाईल काहून टाकलं एवढं?"
वहिनी: "उंदीर मेला होता."
"कुठं?"
ती म्हणाली मोरीत. मी त्याच वेळी म्हणाले, टिनाच्या खोलीत.

रवि. १९ जाने.
काही नाही. चहा, रेडिओ, जेवण. मला नावानं हाक मारली नाही एकदाही.

सोम. २० जाने.
पडद्याचा शेवटचा भाग तपासायला दिला. हात मागे घेतला त्यांनी. "तुहं तू पाहून घे."

मंगळ. २१ जाने.
वहिनीकडून पिशवी मागवून घेतली. दोन सदरे, धोतर, डोळ्यांचे थेंब. मिलिंदला फोन त्यांनीच लावला, नंबर पाठ आहे. "रविवारी ये. मले घेऊन जाय." त्यानं काय विचारलं ऐकू आलं नाही. "बहिणीले इचार," म्हणाले आणि फोन माझ्याकडे धरला. मी घेतला नाही. 

बुध. २२ जाने.
आज बोललो. भांडलो.
मी: "विटाळ मानता का तुम्ही? तुम्ही?"
"विटाळ तुह्या डोक्यात हाय. मी सोडलेल्या गोष्टीचं बोलून राह्यलो."
"ते सक्तीचं होतं. हे मी निवडलंय. दुकानातून आणते, ठसा मी काढते, नाव माझं."
"नाव. हं."
"आणि लाइनमन होतात तेव्हा खांबावर चढताना कमरेला चामड्याचाच पट्टा होता ना?"
हे बोलायला नको होतं. वाक्य किती दिवस तयार ठेवलं होतं मी.
बाबा शांतपणे म्हणाले, "होता. जीव बांधाले होता. तूबी जीव बांधासाठी चामडं आणलं असतं तं बोललो नसतो." थांबले. "आन् आणलं तं आणलं. रेक्झिन कायले म्हटलं? मले आंधळा समजून प्लास्टिक देलं हातात."
 वहिनी चुलीशी उभी राहून रडत होती. "एवढं शिकवलं पोरीले," म्हणाले तिला, माझ्याकडे नाही.

शुक्र. २४ जाने.
पडदा विहारात लागला. लोक पानांवर हात फिरवून पाहत होते. बाबा सगळ्यात पुढे बसले. कुणीतरी म्हणालं, पोरीनं नाव काढलं. मान हलवली त्यांनी. हो की नाही, मागून कळलं नाही.
चामडं विकून टाकावं, मखमलच करत राहावी, असा विचार दिवसभर. मखमलीचं काम वर्षातून एखादं येतं. पण कारण ते नाही. ठशाखालून ओलं चामडं वर येतं तेव्हा मला… पुढे लिहिता येत नाही.

शनि. २५ जाने.
मिलिंद उद्या पोहोचतो. पिशवी दाराशी.
सकाळीच उरलेले सगळे तुकडे भिजवले, उघडपणे. फिनाईल नाही. ठसा तापत ठेवला.
दुपारी काठीचा आवाज. टिनाच्या खोलीत बाबा कधी आले नव्हते. चौकट चाचपली, आत आले.  फडकं हाताला लागलं त्यांच्या, ते उलगडलं, ओल्या तुकड्यावर पूर्ण तळवा ठेवला. काढला नाही. चेहऱ्यावरून काही समजेना. मग काठीनं स्टूल शोधलं आणि प्रेसजवळ बसले.
"दाब."
"बाबा, तुम्ही गेल्यावर करते."
"गेल्यावर कायले? लपून केलं ते झालं. आता माह्यासमोर कर."
"तुम्ही थांबणार आहात का?"
"तू दाब आधी."
प्रेसचा दांडा धरला. फिरवता येईना. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर आले. वही ओसरीवर होती, ती घेऊन लिहीत बसले. दहा मिनिटं तरी झाली असतील. ठसा तापलाय, तुकडे कडेनं वाळू लागले असतील, वाळले की उठाव येत नाही.
आतून: "किती पाणी पेतं वो?"
आले, म्हटलं.