काकीला ठराव समजावताना

आई,

तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं म्हणून तुला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण काकीने विचारलेल्या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, आणि हे दुसऱ्या कुणाजवळ बोलवत नाही.

बोरीवलीच्या बाजारातला तो दिवस आठवतो. मी नववीत आहे, तू चहा प्यायला उठली आहेस आणि मासळीच्या पाटीजवळ मी एकटीच. एक बाई विचारतात, "पापलेट ताजं आहे ना?" मी म्हणते, "बहुतेक." तू मागून येतेस आणि त्यांच्यासमोरच मला झापतेस, "बहुतेक काय गं? आजचं की कालचं, एक काय ते सांग." मग स्वतःच सांगतेस, "कालचं आहे बाई, बर्फातलं. घ्यायचं तर घ्या." बाई निघून गेल्या. मला तुझा इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही.

आता माझं सगळं काम त्या 'बहुतेक'चंच आहे. जग तापतंय, समुद्र चढतोय, त्यावर देशोदेशीचे लोक जमून ठराव करतात. अंधेरीच्या ज्या संस्थेत मी आहे ती अशा ठरावांचा सोपा मराठी गोषवारा काढते. यंदा मलाच परिषदेला पाठवलं होतं. मोठ्या थंडगार सभागृहात दोन दिवस एकाच ओळीवर खल चालला, धूर कमी 'करतील' म्हणायचं की 'करावा' म्हणायचं. एका छोट्या बेटावरची बाई उठली आणि म्हणाली, "आमचं स्मशान पाण्याखाली गेलंय. तुम्ही शब्द कसले पारखताय?" अध्यक्षांनी तिचे आभार मानले. मग पुन्हा तीच ओळ. शेवटी 'करतील' गेलं आणि 'करावा असं आवाहन' आलं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या गं.

परत आल्यावर चारकोपला आपल्या घरी गेले. आदल्या दिवशीच्या उधाणात खाडीचं पाणी उंबरा ओलांडून तुझ्या स्वयंपाकाच्या ओट्याखालपर्यंत आलं होतं. काकी चिखल उपसत होती. मला बघून तिने कंबर सरळ केली.

"आलीस? काय ठरलं गं तिथं?"

"आवाहन केलंय, काकी."

"म्हणजे?"

"म्हणजे विनंती."

"कुणी, कुणाला?"

"सगळ्या देशांनी... सगळ्या देशांना."

मी चेष्टा करतेय की काय, असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "ते राहू दे. तू शिकलेली आहेस, तू सांग. जोतं उंच करून घेऊ, की घर विकून टाकू?"

मी म्हटलं, "थांब थोडं, बघू." तिने मान डोलावली आणि पुन्हा वाकली. मी पदर खोचून तिच्याबरोबर चिखल काढला, तेवढंच मला जमलं.

तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. गेल्या वर्षी आम्ही बोरीवलीत फ्लॅट घेतला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा मिळत होता, तो मी नाकारला आणि हट्टाने सातवा घेतला. काकीने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, वर वारा चांगला येतो.