भाकड

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊनही आता जमाना लोटला, तरी लिहायला बसले आहे. कुंभारआळीत हल्ली माती टेम्पोने येते. आजेसासऱ्यांपासून आपल्या दारात असलेली ती थोराड, काळपट गाढवं कुणाला आठवतही नसतील. मला मात्र दुष्काळाचं ते साल विसरता येत नाही. बाकीची जनावरं मेली, विकली गेली. त्या जातीचा एक नर आणि एक मादी तेवढी उरली. दुष्काळी कामावर खडी वाहताना नराचा मागचा पाय कायमचा अधू झाला आणि त्यानंतर मादी गाभण राहीना. "भाकड हाय. घोडेगावच्या बाजारात काढू," तुमचे चिरंजीव म्हणाले. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझीही कूस उजवली नव्हती आणि सवत आणायचं बोलणं घरात चाललंच होतं. तिला बाजार दाखवला की पुढची पाळी माझी, हे मला पक्कं कळलं.

तुम्ही गुरांच्या डॉक्टरांना गाठलंत. गाय नळीने भरवता, मग गाढवी का नाही, हा तुमचा हट्ट. "गाढवावर मी हे कधी केलेलं नाही, मावशी. जमेलच असं नाही," ते म्हणाले. मादी माजावर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागली, त्या सकाळी ते आले. आळी हसायला जमलेली. तुम्ही पदर खोचून नराची मान धरून उभ्या आहात, डॉक्टर रबरी नळकांड्यात बीज घेतायत, लगेच नळीने मादीत सोडतायत, आणि हसणारेही आता माना लांबवून बघतायत. त्यानंतर तिच्याकडे बघायचीही मला भीती वाटायची. पुन्हा येऊन डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "राहिली."

तुम्ही ओट्यावर बसलात. मग लेकाकडे वळलात. "खोट नराच्या पायात हुती, त्याला चढायला जमत नव्हतं, अन आपन भाकड हिला म्हनत हुतो. सवत आनायच्या आदी तू सोताला दाखवून ये." हे ताटावरून उठून गेले. दवाखान्यात मात्र गेले. मूल काही झालं नाही, पण सवतीचं नाव आपल्या घरात पुन्हा निघालं नाही.

शिंगरू झालं तेव्हा मी आत दार लोटून बसले होते. मूल नसलेल्या बाईने बाळंतिणीपुढे जायचं नसतं, मग ती गाढवी का असेना. तुम्ही हाक मारलीत, "भाईर ये. पयली हळद तूच लाव." मी लावली. ओलं पोर उभं राहायला धडपडत होतं आणि मी रडत होते. तुम्हाला वाटलं, आनंदाने. आनंद होताच. पण हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून सांगते आत्याबाई, त्या गाढवीचा मला हेवा वाटत होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.