डावं पान कोरं

९ सप्टेंबर, मंगळवार
माझ्या स्लोव्हाक कवीच्या अनुवादांच्या वहीची सुवाच्य प्रत करायला घेतली. तीस कविता झाल्या. एकतिसावी उघडली तर डावं पान कोरं.
माझी पद्धत ठरलेली. डावीकडे मूळ स्लोव्हाक, हाताने उतरवलेलं. उजवीकडे माझं मराठी. खाली कोपऱ्यात तारीख. इथे नुसतं मराठी. तारीखही नाही. अक्षर माझंच, असा फाटका ळ दुसरं कोण काढणार.
घाईत राहिलं असेल. उद्या पुस्तकात बघून उतरवतो.

१० सप्टें.
त्याच्या समग्र कवितांचे दोन्ही खंड पाहिले. अनुक्रमणिका, मग पान न् पान, मग शेवटच्या टिपा. नाही.
कविता अशी: बंड मोडलंय, कवी गिरणीत लपलाय. शिपाई येतात, नाव विचारतात. तो खोटं नाव सांगतो, सुटतो. नंतर खरं नाव आठवायला जातो तर आठवत नाही.

नाव विचारलं, खोटं सांगितलं,
खरं पिठात दडवलं.
शिपाई गेले. पीठ चाळतो,
चाळतो, चाळतो अजून.

गिरणीत तो खराच लपला होता, हे चरित्रात आहे. पण ही कविता नाही. आणि हीच वहीतली सगळ्यात चांगली.
दुपारी जेवण गेलं नाही.

१२ सप्टें., शुक्र.
शर्वरीचा फोन. इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक, माझ्या मुलीच्या, नेहाच्या वयाची. मागच्या महिन्यात तिला वाचायला पाच कविता दिल्या होत्या, त्यात ही होती. "काका, ती गिरणीवाली फायनल केलीय हं, पान पण लावून झालं. माझी आई पुण्याहून वाचून रडली, यार! बाकीच्या चार पुढच्या वर्षी." पाठोपाठ, "तुमच्या त्या कवीचा फोटो आहे का?"
फोटो नाही म्हटलं. खरंच नाही. त्याचा फोटोही नाही न् धड थडगंही नाही. बंडानंतर मिठाच्या कचेरीत कारकून झाला, मरेपर्यंत मिठाच्या पावत्या लिहिल्या. त्या वर्षांत कवितेची एक ओळ लिहिली नाही असं सगळेच म्हणतात. असली तर बायकोने त्या कागदात पुड्या बांधल्या असतील.
कविता मागे घेतो म्हणायचं होतं. बरं म्हणून फोन ठेवला.

१५ सप्टें., सोम.
आता शांत डोक्याने. शक्यता दोनच.
एक, कविता त्याची आहे. आमच्या कंपनीने तरुणपणी मला मशीन शिकायला दोन वर्षं तिकडे स्लोव्हाकियात पाठवलं होतं ते नेमकं त्याच्या कचेरीच्या गावात. घरमालकीण म्हातारी पीठ मळताना त्याच्या कविता म्हणायची. मी स्लोव्हाक शिकलो तो तिच्या ओट्याशी उभा राहून. छापलं न गेलेलं काहीतरी तिच्या तोंडी असेल, मी ऐकलं असेल, इतक्या वर्षांनी वर आलं असेल.
दोन, मीच लिहिली. आणि विसरलो.
कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं. ड्रॉइंग नसलेला पार्ट टेबलावर सापडला की तो कोणी केला ते आधी शोधायचं, तोवर मशीनला लावायचा नाही. इथे करणारा मीच, आणि मलाच पत्ता नाही.
दादाचं असंच सुरू झालं होतं. किल्ल्या-बिल्ल्या नाही हरवल्या त्याच्या. केलेली गोष्ट केली हेच जायचं. शेवटी शेवटी वहिनीला विचारायचा, "बाई, तुमचे मालक कुठे असतात?" वहिनी म्हणायची, "येतील संध्याकाळी." मला दादा व्हायचं नाही. देवा, बाकी काहीही दे.

१७ सप्टें.
रफ कागद शोधले. एकही नाही. दर बुधवारी रिसायकलिंगची गाडी येते, आदल्या दिवशी सगळे रफ कागद निळ्या डब्यात. शिस्त माझीच. नेहा, जावई मंदार दोघेही वैतागतात तिच्यावर.
आजही बुधवार. गाडीचा आवाज आला तसा अनवाणी बाहेर पळालो. डबा रिकामा झाला होता. समोरच्या बाईंनी हात केला, मीही केला.

१८ सप्टें.
जेवताना सांगून टाकलं. सगळं नाही. एका कवितेचं मूळ मिळत नाही, एवढंच.
मंदार: "बाबा, मग तुम्हीच लिहिली ना हो! काँग्रॅट्स! जावयाला पार्टी पाहिजे." नागपूरचा माणूस, मोठ्याने हसला. जावई चांगला आहे, त्याचं काही चुकलं नाही.
नेहा हसली नाही. नंतर खोलीत आली. "बाबा, ती गिरणीची? ती तुम्ही मला वाचून दाखवलीय. मार्चमध्ये. मी ऑफिसमधून आले आणि तुम्ही दारातच. वाचताना रडलात."
मार्चमध्ये. दारात. रडलो.
काही नाही. धुकंसुद्धा नाही. नुसती भिंत.
"मी काय म्हणालो? कोणाची म्हणालो?"
"ते नाही आठवत बाबा. मी रडण्याकडेच बघत होते."
नेहाची आई, उषा असती तर तिला ठाऊक असतं. प्रत्येक ओळ आधी तिला ऐकवायची, मग वहीत. ती गेली तेव्हापासून माझ्या कवितांना साक्षीदार नाही, हे आज कळलं.

२२ सप्टें., सोम.
नेहाने त्या मिठाच्या कचेरीच्या गावच्या ग्रंथालयाला ईमेल केला होता, मी स्लोव्हाकमध्ये लिहून दिलेला. आज उत्तर आलं. सभ्य बाई आहेत कोणीतरी. अशी कविता त्यांच्या यादीत नाही. मात्र मिठाच्या कचेरीच्या कागदांचं एक गाठोडं आहे, काही पावत्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं आहे. अजून कोणी वाचलेलं नाही. वाचायला माणूस नाही.
म्हणजे तो लिहीत होता! चोरून, पावत्यांच्या मागे. आनंदाने टाळी वाजवली मी.
मग बसलो. मला आनंद झाला तो त्याच्यासाठी नव्हे. त्या गाठोड्यात ही कविता निघाली तर माझं डोकं शाबूत, म्हणून. आयुष्यात एकच चांगली कविता बहुधा हातून झाली, आणि ती माझी नसावी म्हणून मी नवस करतोय.

२४ सप्टें.
नेहाने मेमरीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. मला न विचारता. "फक्त बेसलाइन बाबा, ऑल सीनियर्स डू इट." फार्मा कंपनीत काम करते, सगळ्याला बेसलाइन, पुढे तुलनेसाठी पहिली नोंद, लागते तिला. मी ओरडलो. ती रडली नाही, तिथेच उभी राहिली. मग मीच सॉरी म्हटलं.
चाचणी ३ तारखेला. तोवर रोज उठल्यावर शॉपफ्लोअरवरच्या माणसांची नावं लिहून काढतो. आज सगळी आली. तरी दोनदा लिहिली.

२६ सप्टें., शुक्र.
शर्वरीचा फोन. अंक प्रेसला चाललाय. "काका, क्रेडिट लाइन कन्फर्म करा ना. मूळ कवी हे, अनुवाद तुम्ही, करेक्ट?"
माझ्या नावावर टाकायला सांगावी आणि उद्या ती पावत्यांच्या मागे निघावी, मी चोर. त्याच्या नावावर टाकावी आणि ती माझी असावी, तर मेलेल्या माणसाच्या तोंडी मी आपलं घातलं. आणि माझी म्हणायची तर कधी लिहिली, कशी सुचली, चारचौघांत सांगावं लागेल. लोक विचारणारच, कौतुकाने विचारतील.
"करेक्ट," म्हटलं.
भित्रा आहे मी. त्याने शिपायांना खोटं सांगितलं ते जीव वाचवायला. मी एका चांगल्या पोरीला.

१ ऑक्टो.
आज एक नाव आलं नाही. लेथवरचा, उजव्या हाताला दोन बोटं नसलेला. चेहरा समोर, बोटं समोर, नाव नाही. अंघोळीत आलं. पण अंघोळीत.

३ ऑक्टो., शुक्र.
चाचणी झाली. डॉक्टर तरुण मुलगी, गोड. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. पाच शब्द सांगितले, नंतर विचारले. चार आले. पाचवा नाही आला.
मग कोरा कागद पुढे केला. मनाने कुठलंही एक वाक्य लिहा म्हणाली.
लिहिलं. कागद तिच्याकडे सरकवला तेव्हा कळलं, स्लोव्हाकमध्ये लिहिलंय. तिने विचारलं, ही कुठली भाषा? सांगितलं. बरोबर आहे का हे, तिने मलाच विचारलं. खोलीत ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. बरोबर आहे म्हणालो. तिने काहीतरी टिपून घेतलं. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.
गाडीत नेहा: "काय लिहिलंत?"
अर्थ सांगितला. उंबऱ्यावर बर्फ आहे, त्यावर पाऊल नाही, आलेल्याचं नाही न् गेलेल्याचं नाही.
"वॉव. कवीची ओळ?"
"हो."
फारच पटकन म्हणालो. पुढच्या सिग्नलला तिला सांगितलं, "नेहा, मला माहीत नाही." तिने गिअरवरचा माझा हात धरला. मी तो तिथे का ठेवला होता कोण जाणे, गाडी ती चालवत होती.

घरी आल्यावर टेबलाशी बसलो आणि दुसरी ओळ आली. स्लोव्हाकमध्येच. तिच्यामागे तिसरी येतेय हे कळतंय. कुठून येताहेत कळत नाही. लिहायला भीती वाटते. न लिहायला जास्त.
नेहाला हाक मारली. ती हात पुसत आली. तिला सांगितलं, "इथे बस. मी लिहितोय ते बघत राहा. समजलं नाही तरी चालेल. उद्या मी विचारलं हे कोणी लिहिलं, तर सांगायचं."
"काय सांगू?"
"बघशील ते."
तिने फोन उलटा ठेवला, खुर्ची जवळ ओढली. बसली आहे. आता वही घेतो.